गेणभाऊंचा सोमवार

बेल्ह्याच्या बैलबाजारात सोमवारी कोणी कितीही मोठ्यानं ओरडत असलं, तरी खरं बोलणं चालतं ते रुमालाखाली. दलाल आधी विकणाऱ्याचा उजवा हात धरतो, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतो आणि आत बोटांची धराधरी सुरू होते. मग तोच हात, तोच रुमाल घेणाऱ्याकडे. एक बोट धरलं की एवढे, दोन धरली की तेवढे. बाजूला उभ्या असलेल्या शंभर जणांना पत्ता लागत नाही. तोंडानं काय वाटेल ते बोलावं. मरतुकड्या बैलाला हत्ती म्हणावं, त्याच्या बापाची कीर्ती सांगावी, त्याला कुणी ना म्हणत नाही. रुमालाखाली मात्र बोट धरलं की धरलं. तिथं खोटं बोललेल्या माणसाला पुढच्या सोमवारी कुणी हात देत नाही.

या बाजारात उभी हयात रुमाल टाकलेला माणूस म्हणजे खोडदचे गेणभाऊ औटी. उंच, काटक, टोपी एका कानाकडे झुकलेली आणि तोंड सदा चालू. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं म्हणतात. गेणभाऊंनी माती सोडून बाकी सगळं विकलं असेल. जुन्नर-आंबेगावात बैलगाडा पळवणाऱ्या कुठल्याही गावात जा, गाड्याचा एखादा तरी बैल त्यांच्या रुमालाखालून गेलेला निघतोच. दात बघून ते वय सांगत, चाल बघून दुखणं सांगत. बैलाचं दुखणं, अर्थात. स्वतःचे पाय संध्याकाळी सुजतात हे त्यांना बायकोनं सांगावं लागलं, आणि बायकोनं सांगितलेलं कोण ऐकतो? ब्लडप्रेशरची गोळी ते बरं वाटेनासं झालं की घेत आणि बरं वाटलं की सोडत. अशानं कुठलंच जनावर टिकत नाही, हे त्यांनी दुसऱ्याला हजारदा सांगितलं असतं.

शेवटी एका पावसाळ्यात दम लागून नारायणगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा कळलं की दोन्ही किडन्यांनी अंग टाकलंय. डायलिसिस लागणार होतं. त्यासाठी हातातल्या दोन नसा एकमेकींना जोडायच्या असतात. सर्जननं विचारलं, "भाऊ, काम कोणत्या हातानं करता?"

"डाव्या. मी जनमाचा डावरा," गेणभाऊ म्हणाले, आणि ते खरंच होतं. विळा डाव्या हातात, कासरा डाव्या हातात, आसूड डाव्या हातात. मग कामाचा हात मोकळा राहावा म्हणून सर्जननं नसा उजव्या मनगटाशी जोडल्या. आता डावरा झाला म्हणून काय माणूस सौदा डाव्या हातानं करतो? शुभ कामाला डावा हात कोण पुढं करेल? पण हा प्रश्न डॉक्टरांच्या कुठल्याच पुस्तकात नसणार, आणि गेणभाऊंनाही तो सुचला टाके पडल्यावर.

जखम भरली आणि मनगटात एक बारीक थरथर सुरू झाली. रक्त जोरात वाहतं म्हणून ती असते, ती असणं चांगलं, रोज हात लावून बघायची, असं नर्सनं बजावलं. ठमाबाई, म्हणजे गेणभाऊंची बायको, रोज सकाळी मनगटाला कान लावून बसू लागली. घरामागं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या. गेणभाऊ म्हणत, "ते शास्त्रज्ञ एवढ्या मोठ्या छत्र्या लावून आभाळ ऐकत्यात. माझी बायकू बघा, कानावरच भागवती."

पहिल्या सोमवारी पारगावच्या चिमाजीनं रुमालाखाली हात घातला आणि झटक्यात मागं घेतला. चिमाजी बैलांचा जुना शौकीन, गेणभाऊंचा तितकाच जुना दोस्त.

"गेणभाऊ, हात का कापतोय? भाव लई चढवलाय का काय?"

"कापत न्हाई राव. डॉक्टरनं आत मोटार बशिवलीय. नुसती बोटं धर, मनगट दाबू नको."

दुपारपर्यंत बातमी बाजारभर झाली. ज्यांना बैल घ्यायचा नव्हता तेही हात पुढं करून मोटार बघून गेले. गेणभाऊ खूश होते. आजार व्हावा तर असा, चार माणसांत मिरवता येणारा.

मिरवणं फार टिकणार नव्हतं. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि दवाखान्यात रिकामी खाट होती ती सोमवार, बुधवार, शुक्रवारची. दुसऱ्या तीन दिवसांच्या सगळ्या खाटा भरलेल्या. सोमवार म्हटल्यावर गेणभाऊंचं तोंड बंद पडलं, हे ठमाबाईनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. सोमवार गेला तर राहिलं काय? माणूस बाजारात दिसेनासा झाला की त्याचा रुमाल दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. पोरं शहरात कमावती होती, पोटाची चिंता नव्हती. पण ज्याला बघून लांबूनच लोक हाक मारतात असा माणूस ते फक्त सोमवारी होते.

तेव्हाच डॉक्टर सिद्धी भेटली. ती पुण्याहून दर बुधवारी यायची, किडनीची डॉक्टर. मूळची मंचरची, सुगनचंद शेठची नात. शेठचं सरकी-पेंडीचं दुकान. गेणभाऊंनी आयुष्यभर पेंड तिथूनच नेली आणि आयुष्यभर पेंडीत भेसळ आहे म्हणून शेठशी भांडले. ही पोर तेव्हा गादीवर बसून पाटी गिरवायची.

"भाऊ, तुमची किडनी पार बसलेली नाही," ती म्हणाली. "अजून लघवी होते. असं असताना मशीन पहिल्या दिवसापासून तीनदा लागतंच का, की दोनदा सुरू करून गरजेप्रमाणे वाढवता येतं, हे सध्या बऱ्याच ठिकाणी तपासतायत. आम्हीही एक अभ्यास करतोय. त्यात यायचं का? नको वाटलं तर कधीही बाहेर पडा."

"दोनदा म्हंजी कवा कवा?"

"बुधवार आणि शनिवार. त्यासाठी एक खाट वेगळी ठेवलीय."

गेणभाऊंनी पुढचं ऐकलं असेल तर देव जाणे. "म्हंजी ट्रायलवरचा बैल. औताला जुपून बघायचा, चालला तर ठिवायचा."

"बैल तुम्ही नाही, भाऊ. ट्रायलवर पद्धत आहे," सिद्धी हसून म्हणाली. मग तिनं पांढरा प्लास्टिकचा कॅन पुढं ठेवला. महिन्यातून एकदा, मंगळवारी सकाळपासून बुधवारी सकाळपर्यंतची सगळी लघवी त्यात. ती आणि रक्त तपासून किडनी किती काम करते ते कळणार. कमी पडली तर तीनदा. पाय सुजले, दम लागला, तरी तीनदा. "तिथं घासाघीस नाही," ती म्हणाली. पेंडवाल्याचीच नात.

पुढचे महिने सुखाचे गेले. गेणभाऊ चहा औषधाच्या टोपणाएवढा पिऊ लागले, लोणच्याकडे पाठ करून जेवू लागले, गोळ्या न चुकता घेऊ लागले. कॅन भरत होता, सोमवार चालू होता. शेजारच्या खाटेवर मंचरचा गोरख नावाचा तरणा रिक्षावाला नव्यानं आला, मशीनकडे बघून त्याला घाम फुटला, तर गेणभाऊंनीच त्याला धीर दिला. "घाबरतो काय? माझ्याकडं बघ. दोनदा येतो, बाकी दिवस राजा. तुझंबी व्हईल."

मग चैत्र आला. गावोगाव यात्रा, यात्रेत बैलगाडे, आणि बाजारात बैलांना सोन्याचा भाव. घोडेगावच्या संपतनं पळणारा एक कोशा रंगाचा खोंड विकायला काढला होता आणि चिमाजीचा त्याच्यावर जीव जडला होता. दोन सोमवार रुमाल टाकून झाले, बोटं जुळता जुळत नव्हती. "येत्या सोमवारी जुळवतोच," असं गेणभाऊ सगळ्यांदेखत म्हणून बसले होते. उन्हातान्हात घाम गाळून घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी महिन्याचा कॅन भरायची पाळी.

मंगळवार कलला तरी कॅनच्या तळाशीच काहीतरी हलत होतं. गेणभाऊंनी तो उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. पाचावर धारण बसली. कॅन कमी, म्हणजे तीनदा. तीनदा, म्हणजे सोमवार गेला.

आता बाजाराची एक रीत आहे. जनावर बाजारात न्यायचं तर आदल्या दिवशी त्याला भरडा चारायचा, मीठ चाटवायचं, मग भरपूर पाणी पाजायचं. पोट गच्च भरलेलं दिसतं. शिंगं तासायची, तेल लावायचं. याला गेणभाऊ खोटं म्हणत नाहीत, नटवणं म्हणतात. नवरी नटवतात, तसा बैल नटवायचा. घेणाराही ते जाणून असतो. ठमाबाई गोठ्यात धारेला गेलेली बघून गेणभाऊंनी हंड्यातलं दोन तांबे पाणी घेतलं आणि कॅन नटवला.

बुधवारी सिद्धीनं कॅन पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. "वा, भाऊ. उन्हाळ्यातसुद्धा?" गेणभाऊंना सुया टोचल्या होत्या, मशीन सुरू झालं होतं, आता तासन् तास हलायची सोय नव्हती. ठमाबाई डबा मांडीवर घेऊन शेजारी स्टुलावर. सिद्धी खाटेशी बसली आणि मोकळेपणानं बोलू लागली.

"तुम्हाला माहितीय, हा गोरख मला दर बुधवारी विचारतो, मला दोनदा चालेल का. त्याला काय सांगायचं? तुमच्यासारख्यांचे आकडे बघूनच आम्ही ठरवणार. तुमच्यानंतर या खाटेवर जे येतील, त्यांना दोन पुरतात की तीन लागतात, ते तुमच्या कॅनवरून. लहानपणी मी आजोबांबरोबर बेल्ह्याला यायचे ना, तेव्हा ते सांगायचे, वरचं सगळं सोड, रुमालाखाली काय झालं ते खरं. हा कॅन तसाच आहे."

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. ती सहज बोलत होती, आणि गेणभाऊंना वाटलं हिला सगळं कळलंय. तिला काही कळलेलं नव्हतं. त्यांनी पलीकडे पाहिलं. गोरख डोळे मिटून पडला होता. आपल्या दोन तांबे पाण्याच्या भरवशावर या पोराला दोनदा बोलावतील, आणि मग? ज्या माणसानं आयुष्यभर रुमालाखाली एक बोट खोटं धरलं नव्हतं, त्याला लाज वाटली. खरी, कान तापवणारी लाज. गप्प राहिलं तर सोमवार पक्का होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"ताई," ते म्हणाले, "त्यात हंड्याचं पाणी हाय."

ठमाबाईच्या मांडीवरचा डबा खाली आला.

"म्या वतलं. कॅन कमी भरला व्हता. मला वाटलं, बाजाराच्या आधी बैल नटवत्यात तसं. पर तुमी म्हनला ते खरंय. ही रुमालाखालची गोष्ट हाय."

"आवं, शरम न्हाई वाटली?" ठमाबाई म्हणाली. "येवढं दूधदुभतं बघितलं जन्मभर. ताकात पाणी घातलं म्हणून लोणी वाढतं का?"

सिद्धीला रागवायचं होतं, पण आधी हसू आलं. "काकू, अगदी तेच. किडनीनं शरीरातली किती घाण बाहेर टाकली ते आम्ही मोजतो. पाणी घातल्यानं ती वाढत नाही. पण माप चुकतं, आणि मापही मला खरं लागतं." मग मात्र ती रागावली, चांगली रागावली. खोट्या मापावर विसंबून आपण गप्प बसलो असतो आणि रविवारी छातीत पाणी भरलं असतं, तर बाजारही गेला असता आणि दलालही, असं तिनं तोंडावर सांगितलं. पुढच्या मंगळवारी कॅन पुन्हा भरायचा. आणि खरं काय ते कळेपर्यंत धोका नको, म्हणून मधल्या सोमवारी एक जादा डायलिसिस.

"ह्या सोमवारी?" गेणभाऊंनी विचारलं.

"ह्याच."

त्यांनी मान हलवली. घासाघीस केली नाही.

तो सोमवार. गेणभाऊ खाटेवर, डोळे छताला. मनातल्या मनात ते बाजारभर हिंडून आले; आता गाड्या लागल्या असतील, आता खोंड उतरवला असेल, आता कुणीतरी दुसरा आपल्या जागेवर उभा राहून रुमाल झटकत असेल. मशीन सुटलं, पट्टी बांधली, ठमाबाईचा हात धरून ते फाटकाबाहेर आले, तर रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली एक टेम्पो उभा. टेम्पोत कोसा खोंड. खाली संपत आणि चिमाजी एकमेकांकडे पाठ करून उभे.

"हे काय?" गेणभाऊ म्हणाले.

"ह्यो दुसऱ्याच्या हातात हात देईना," संपत म्हणाला.

"आन् ह्यो तरी कुठं दीत व्हता?" चिमाजी म्हणाला. "म्हनला, गेणभाऊच्या मोटारीबिगर सौदा न्हाई."

गेणभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण उजव्या हातावर पट्टी होती आणि डावा रुमाल काढण्यात गुंतला होता. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. रसवंतीवाला गुऱ्हाळ बंद करून बघायला आला. रुमाल संपतकडे गेला, चिमाजीकडे गेला, पुन्हा संपतकडे आला. तिसऱ्या फेरीला बोटं जुळली. "फक्त बोटं धरा," ठमाबाई मागून सगळ्यांना दटावत होती. खोंडानं दवाखान्याच्या फाटकाशी शेणाचा पो टाकला आणि वॉचमननं सगळ्यांना हाकललं, पण तोवर गुळाचा खडा वाटून झाला होता. गेणभाऊंनी तोही नुसता जिभेला लावला.

मंगळवारी कॅन पुन्हा कोनाड्यात बसला. या वेळी ठमाबाईनं हंड्यावर परात पालथी घालून वर वरवंटा ठेवला. "तांब्याला हात लावाल तर बघा," ती म्हणाली. गेणभाऊ म्हणाले, "आता कानाला खडा लावलाय." कॅन जेवढा भरायचा तेवढा भरला. मागच्या खेपेपेक्षा बरा की वाईट, ते बघायला त्यांनी तो उजेडात धरला नाही. नेऊन दिला.

बुधवारी मशीन संपत आलं तरी सिद्धीचा पत्ता नव्हता. ती आतल्या खोलीत रिपोर्ट बघत बसली होती. गोरखनं विचारलं, "काका, काय व्हईल?" गेणभाऊ म्हणाले, "जे असंल ते खरं असंल." हे त्यांना स्वतःलाच जरा नवीन होतं, आणि म्हणून फारसा धीर येत नव्हता. सुया निघाल्या, पट्टी बसली. तेवढ्यात ती आली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शेठसुद्धा पेंडीचा भाव सांगताना असाच चेहरा करायचा.

"भाऊ, रुमाल कुठंय?"

"हा काय, उशाला."

तिनं रुमाल घेतला, त्यांच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. ठमाबाई स्टुलावरून उठली. गोरखनं मान उंचावली. गेणभाऊंना आधी आपलीच थरथर लागली, मग तिची बोटं. तिनं एक बोट धरलं. मग दुसरं धरलं. तिसऱ्या बोटाशी तिचा हात आला, थांबला, तिथंच घुटमळला. मस्करी होती ती, पण आयुष्यात कुठल्या सौद्याला त्यांचं काळीज असं उडालं नव्हतं. मग तिनं ते तिसरं बोट हळूच बाजूला सारलं आणि दोन बोटं घट्ट दाबली.

दोन. रुमालाखाली धरलेली, म्हणजे धरलेली.

"पुढच्या महिन्यापर्यंत," सिद्धी म्हणाली. "नंतर परत कॅन."

"परत कॅन," गेणभाऊ म्हणाले.

"आवं, किती धरली?" ठमाबाईला दम निघत नव्हता. "काय ठरलं? सांगा की."

गेणभाऊंनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला, टोपी एका कानाकडे झुकवली. "रुमालाखालचं दुसऱ्याला सांगत नसत्यात," ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनाच राहवलं नाही.

"सोमवारी भाकर लवकर बांध."